उतारावरची भारंगी

“ताई, झाडं आली, फुलंही आली. फुलपाखरं कधी पाठवताय?”

हा फोन मला खरोखर आला होता. गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात मी आठवड्यापूर्वीच तीस रोपं लावून दिली होती. मालक निवृत्त इंजिनिअर, बोलायला गोड, कामात काटेकोर. कुंडीबरोबर बशी येते तशी फुलपाखरू बागेबरोबर फुलपाखरंही येत असणार आणि मी ती द्यायची विसरले, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मी म्हटलं, “साहेब, ती आपली आपण येतात. तुम्ही फक्त औषध मारू नका.” त्यावर ते म्हणाले, “ते ठीक आहे, पण साधारण किती दिवस धरू? घरी पाहुणे यायचेत.”

अशी माणसं मी तीस वर्षं सांभाळली. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून नर्सरी पुतण्याकडे दिली आहे आणि मी ओट्यावर बसून त्याच्या चुका मोजते. या अंकाच्या संपादकबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या मजेशीर गिऱ्हाइकांवर लिहा ना.” मी हो म्हटलं. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की गिऱ्हाइकं मजेशीर होती, पण सगळ्यांत मोठा घोळ मीच घातलेला आहे. तेव्हा आधी थोडं त्यांच्याबद्दल, मग माझ्याबद्दल.

मखमलाबादला आमची अर्ध्या एकराची नर्सरी. सुरुवात द्राक्षाच्या खुंटांनी झाली. शहरातल्या माणसाला माहीत नसतं, पण आपल्याकडची द्राक्षवेल बहुतेक वेळा स्वतःच्या मुळांवर उभी नसते. खाली एका रानटी, चिवट जातीची वेल लावायची, तिला खुंट म्हणतात. त्या खुंटावर मग आपल्याला हव्या त्या द्राक्षाची काडी बांधायची. खुंट करणं हा आमच्या घरचा धंदा, आणि लग्नानंतर दोन वर्षांत मी त्यात आमच्या ह्यांच्याही पुढे गेले होते. तो खुंट इतका चिवट, की उपटा, मुळं झटका, ओल्या गोणपाटात गुंडाळा, सिन्नरला न्या नाहीतर विंचूरला न्या, लावला की फुटणारच. वीस वर्षं असली झाडं हाताळली की माणसाला वाटायला लागतं, माझा हात लागला की काहीही जगतं. मला तसं वाटायला लागलं होतं.

पुढे फुलपाखरांच्या बागांचं फॅड आलं. फॅड म्हणते, पण मला ते मनापासून आवडलं. या बागेला दोन प्रकारची झाडं लागतात. एक, ज्यांच्या पानांवर फुलपाखराची मादी अंडी घालते आणि त्यातून निघालेल्या अळ्या ती पानं खातात. दुसरी, ज्यांच्या फुलांतला मध मोठी फुलपाखरं पितात. म्हणजे लेकरांचं जेवण वेगळं आणि थोरांचा चहा वेगळा. गिऱ्हाइकाला फक्त चहाची झाडं हवी असतात. लेकरं जेवायला बसली की गिऱ्हाइकाचा जीव वरखाली होतो.

कॉलेज रोडच्या एका बाईंना मी मुद्दाम रुई लावून दिली होती. महिन्याभरानं त्यांचा फोन, “अहो, तुमच्या झाडाला कीड लागलीय. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या आहेत, पानं संपवली सगळी.” मला इतका आनंद झाला, की मी म्हटलं, “अभिनंदन! आठ-दहा दिवसांत बघा, तुमच्याकडे फुलपाखरंच फुलपाखरं.” मग बाई हळूच म्हणाल्या, “मी सकाळीच फवारलंय हो.” त्या बिचाऱ्या रडायच्या बेतात होत्या. मी त्यांना समजावलं, पुन्हा रोप दिलं, आणि फोन ठेवल्यावर चारचौघांत त्यांची टिंगल केली. आता वाटतं, त्या बाईंनी दहा-पंधरा अळ्या मारल्या, त्याही न समजून. मी जे केलं ते मला चांगलं समजत असताना केलं.

तर भारंगी.

नाशिकच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरउतारांवर हे झाड आपसूक उगवतं. झाड म्हणजे कमरेइतकं झुडूप. उन्हाळ्यात बघाल तर जमिनीवर नुसत्या वाळक्या काड्या. पण खाली लाकडासारखा टणक गड्डा असतो आणि तो वर्षानुवर्षं जगतो. जूनमध्ये त्यातून चौकोनी देठाचे कोंब वर येतात. कोवळी पानं उकळून, कडू पाणी काढून टाकून भाजी करतात. श्रावणात तुरे येतात. फिकट निळ्या पाकळ्या, खालची एक गडद जांभळी, आणि पुढे वाकलेले लांब केसर. फूलच असं, की फांदीवर फुलपाखरू बसल्यासारखं वाटतं. त्या फुलांचीही भाजी होते. तुऱ्यावर आधी मोठे काळे भुंगे येतात, मग फुलपाखरं. काळं-निळं, तळहाताएवढं मोठं फुलपाखरू भारंगीवर उतरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा हातातली चहाची कपबशी तशीच धरून उभी राहिले होते. फुलांनंतर काळी-जांभळी फळं, आणि ती बुलबुल खातात.

इतकं देखणं झाड नर्सऱ्यांमध्ये का नसतं? कारण ते आमच्या धंद्याला परवडत नाही. बी उगवायला वेळ घेतं, दहा पेरा तर तीन उगवतात, आणि फूल धरायला तिसरा पावसाळा लागतो. गिऱ्हाइकाला फुलावर आलेलं रोप आज पाहिजे असतं.

मला भारंगीचं बी दिलं ते हिराबाईनं. हिराबाई पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. पावसाळ्यात पहाटेच्या जीपनं नाशिकला यायची आणि पेठ नाक्यावर रानभाज्यांची टोपली घेऊन बसायची. माझ्याच वयाची, काटक, कमी बोलणारी. मी पहिल्यांदा तिच्याकडून भारंगीची जुडी घेतली तेव्हा तिनं विचारलं, “ताई, कशी करतात ठावं हाय का? पाणी नाय टाकलं तं कडू लागल, मग मला शिव्या द्याल.” तिथून ओळख वाढली. दर वर्षी ती भाजी आणायची, मी तिला घरच्या आंब्याचं लोणचं द्यायचे. बी मागितलं तर तिनं पळसाच्या पानात बांधून आणून दिलं. त्यातून मी चाळीस रोपं केली आणि ती नर्सरीच्या कडेला जिवापाड जपली.

एका श्रावणात तिच्या आग्रहावरून मी पाड्यावर गेले होते. घरांच्या वरच्या अंगाला एक उतार आहे, मागे कातळ आणि कडेनं करवंदाच्या जाळ्या. तो अख्खा उतार निळा झाला होता. मी वेड्यासारखी फोटो काढत सुटले. हिराबाईनं मला खुडायचं कसं ते दाखवलं. “वरचं कवळं घ्यायचं. खालचं फुलाला ठेवायचं. मूळ भुईचं, त्याला हात नाय लावायचा.” त्यांच्या पाड्यावर रीत आहे, की पावसाळ्यात पहिली उगवलेली भाजी आधी देवाला दाखवायची. तोवर कुणी घरात शिजवत नाही. त्या भाज्यांत भारंगी हवीच, आणि ती याच उतारावरची. हे सगळं मी त्या दिवशी ऐकलं, मान डोलावली, घरी येऊन चार मैत्रिणींना कौतुकानं सांगितलंही. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

पुढच्या मार्चमध्ये सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचे साहेब नर्सरीत आले. कंपनीच्या आवारात देशी झाडांचं फुलपाखरू उद्यान करायचं होतं. ऑगस्टअखेर बाहेरून मोठी मंडळी येणार, त्यांच्या हस्ते उद्घाटन. साहेबांनी मोबाइल पुढे केला. “हे निळं पाहिजे. मधोमध सगळं हेच. तीनशे रोपं, आणि त्या दिवशी फुलं असली पाहिजेत.” फोटो भारंगीचा होता. हिराबाईच्या उतारावर मीच काढून मीच व्हॉट्सॲपवर फिरवलेला.

“तीन वर्षं थांबा, करून देते,” एवढंच मला म्हणायचं होतं. त्यांनी दुसरी झाडं घेतली असती, नाहीतर दुसरी नर्सरी गाठली असती. माझं काही अडलं नव्हतं. पण मी वर्षानुवर्षं रानातली झाडं लावते म्हणून बाकीचे नर्सरीवाले मला हसायचे. गवत विकते म्हणायचे. आणि आज एक कंपनी गाडी घेऊन माझ्या दारात उभी होती. मी म्हटलं, “होईल.”

आमचे हे तिथेच पाइपनं पाणी घालत होते. साहेब गेल्यावर म्हणाले, “आपल्याकडे चाळीस आहेत. बाकीची काय आकाशातून पडणार?” मी म्हटलं, “ते मी बघते.”

भारंगीला खाली लाकडी गड्डा असतो, म्हणजे तो आमच्या द्राक्षाच्या खुंटासारखाच, असं गणित मी मांडलं. उन्हाळ्यात झाड झोपेत असतं तेव्हा उचलायचं, पिशवीत लावायचं, जूनमध्ये फुटेल, ऑगस्टला फुलेल. खुंटांचं काम केलेल्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाला सुचलीच नसती. शेतकऱ्यानं केली नसती, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेल्यानं केली नसती. माझ्या हातांना खात्री होती.

त्याच आठवड्यात हिराबाई कसल्याशा कामाला नाशिकला आली होती, ती नाक्यावर भेटली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “हिराबाई, तुमच्या उतारावरची थोडी भारंगी नेऊ का लावायला?”

“न्या की ताई. लय हाय.”

थोडी, असं मी म्हणाले. डोक्यात तीनशेचा आकडा ठेवून म्हणाले.

मे महिन्यात आम्ही पिकअप घेऊन गेलो. मी, आमचे हे आणि नर्सरीतले चार गडी. पाडा जवळजवळ रिकामा होता. कामाची माणसं दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या उन्हाळी कामांना गेलेली, हिराबाईही तिकडेच. एक म्हातारबाबा सावलीला बसले होते, त्यांनी विचारलं, “काय खणतां?” मी म्हटलं, “हिराबाईला विचारलंय.” ते दोरी वळत राहिले.

वाळक्या काड्या बघून गड्डे सापडत होते. मी गड्यांना बजावलं, दोन घ्यायचे, तिसरा सोडायचा. सगळं शास्त्रशुद्ध. मला स्वतःचं कौतुकही वाटलं. पण कुदळीनं बरेच गड्डे तुटले, काही नुसत्याच मुळ्या निघाल्या. ऊन कलल्यावर मोजलं तर चांगले दोनशेच भरले. कडेची चाळीस मला हलवायची नव्हती, म्हणजे तीनशे तर इथूनच हवेत, वर मरतुकीसाठी थोडे जास्त.

आमचे हे म्हणाले, “बास कर आता. बियाला तरी राहू दे.”

मी म्हटलं, “पुन्हा एवढ्या लांब कोण येणार?” आणि गड्यांना सांगितलं, “मधलेही घ्या.”

हे वाक्य माझंच आहे. गड्यांनी चूक केली, माझं लक्ष नव्हतं, असं सांगायची सोय मला नाही. मी उभी राहून, बोट दाखवून ते काढायला लावले.

उद्घाटन थाटात झालं. भारंगी फुटली, वाढली, वेळेवर फुलली. मी किती अचूक होते बघा! मोठ्या मंडळींनी फीत कापली आणि जणू ठरवून दिल्यासारखी दोन मोठी फुलपाखरं तुऱ्यांवर येऊन बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रवेशाजवळच्या फलकावर खाली बारीक अक्षरांत माझं नाव होतं. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. मी ते कात्रण आणि पेढ्यांचा पुडा घेऊन पेठ नाक्यावर गेले, हिराबाईला दाखवायला. त्या हंगामात ती दिसली नाही हे कामाच्या गडबडीत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

त्या दिवशी ती बसली होती. टोपलीत थोडी अळूची पानं आणि काकड्या होत्या. मी कात्रण पुढे केलं. तिनं ते दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिलं.

“लय झाली की,” ती म्हणाली.

“तीनशे!” मी म्हटलं. मग तिच्या टोपलीकडे बघून, अगदी सहज, नेहमीच्या गिऱ्हाइकासारखं विचारलं, “आज भारंगीची फुलं नाही आणली?”

हे आठवलं की आजही मला स्वतःच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो.

तिनं कात्रण घडी करून मला परत दिलं. “कुठून आणू? अवंदा देवाच्या नव्या भाजीला पाच पानं नाय भेटली. पलीकडच्या पाड्यावर जाऊन मागली. आमच्या सासऱ्याच्या येळेपासून कवा मागाय लागली नव्हती. तिथल्या बाया इचारत होत्या, तुमची कुठं गेली म्हणून.”

मी गडबडले. आणि गडबडलेला माणूस जे बोलतो तेच बोलले, “पण हिराबाई, मी तुम्हाला विचारलं होतं.”

“थोडी म्हणल्या तुम्ही,” ती म्हणाली.

ओरडली नाही, भांडली नाही. पेढे घेतले नाहीत. शेजारी एक गिऱ्हाईक काकडीचा भाव विचारत होतं, ती त्याच्याकडे वळली.

पुढच्या रविवारी मी त्या उतारावर गेले. आम्ही खड्डे बुजवलेच नव्हते. पेठकडचा पाऊस कसला असतो हे सांगायला नको. सैल झालेली माती सगळी खाली वाहून गेली होती आणि वर नुसता मुरूम उघडा पडला होता. तुटलेल्या मुळ्यांतून एखादा कोंब आला असेल म्हणून मी वाकून वाकून शोधलं. काही नव्हतं. गड्डे उचलले त्याबरोबर उतार धरून ठेवणारं काहीच राहिलं नव्हतं. हे मला कळायला पाहिजे होतं, माती हा माझा रोजचा विषय आहे.

आणि सिन्नरचं काय झालं तेही सांगते. भारंगीला उन्हाळ्यात कोरडी झोप लागते. कंपनीत हिरवळीसाठी बारा महिने पाण्याचे तुषार चालायचे. पुढच्या जूनमध्ये मी गेले तर गड्डे कुजलेले. तिथला माळी म्हणाला, “मॅडम, तुमची झाडं पाणी देऊन देऊन मेली.” त्या जागी त्यांनी परदेशी टणटणीचे, म्हणजे घाणेरीचे, रंगीत वाण लावले होते. फलक मात्र तसाच होता, माझ्या नावासकट. मी तो काढायला सांगितला तर साहेब म्हणाले, “असू द्या हो, चांगला दिसतो.”

म्हणजे तीनशे झाडं एका दुपारच्या टाळ्यांसाठी गेली. आमचे हे एकदाही “मी सांगितलं होतं” म्हणाले नाहीत, त्याचाही राग यायचा.

माझ्याजवळ ती कडेची चाळीस झाडं होती. त्यांची फळं मी जाळी लावून राखली, बी धरलं आणि पेरायला घेतलं. घाई करून चालणारं काम नव्हतं, आणि आता मला घाई नव्हतीही. उगवलेलं एकेक रोप पिशवीत लावलं. पिशवीतली माती आम्ही वाळू आणि शेणखत घालून भुसभुशीत करतो, म्हणजे कोवळ्या मुळांना सोपं जातं. तीन वर्षांत दीडशेच्या वर रोपं तयार झाली. जुलैमध्ये मी ती घेऊन पाड्यावर गेले. हिराबाई त्यानंतरही नाक्यावर यायची. आम्ही बोलायचो, मी भाजी घ्यायचे, पण लोणचं तिनं पुन्हा घेतलं नाही. “घरात हाय,” म्हणायची.

पिकअपमधली रोपं बघून ती खाली उतरून आली. मी म्हटलं, “हिराबाई, तुमचंच बी आहे. तुम्ही पळसाच्या पानात दिलेलं. परत आणलंय.”

तिनं एक पान चुरगाळून वास घेतला. “तीच हाय,” म्हणाली. “लावा. पण ताई, ही देवाला नाय चालायची.”

“का? तुमचीच तर आहे.”

“लावलेली हाय ना. लावलेली आपली असती. आपण खाऊ शकतो, इकू शकतो. देवाला दाखवायची ती कुणी लावलेली नको. ती आपसूक येती, म्हणून तं त्याची.” तिनं उताराकडे हात केला. “ह्यांना फळं धरू द्या. पाखरं खातील, टाकतील. तिथं आपसूक उगली तं ती देवाला चालल.”

मी उभ्या जागी हिशेब केला. ही रोपं इथे मूळ धरून फळावर यायला दोन-तीन वर्षं. पाखरांनी टाकलेलं बी या मुरमात रुजायला कोण जाणे किती. आणि मी तेव्हाच साठीच्या पुढे होते. मी विचारलं, “तोवर?”

“तोवर मागून आणू,” ती म्हणाली.

रोपं आम्ही खालच्या अंगाला लावली, जिथे थोडी माती उरली होती. शेळ्यांनी खाऊ नयेत म्हणून भोवती करवंदाचे काटे टाकले. हिराबाईच्या सुनेनं मदत केली. दर पावसाळ्यात मी जात राहिले. काही रोपं गेली, शंभरेक जगली. तिसऱ्या श्रावणात फुलं आली, फळं आली, बुलबुल आले. मी वरच्या अंगाला, कातळापाशी, जाळ्यांखाली शोधायचे. काही उगवलेलं नसायचं. घरी येऊन चिडचिड करायचे.

एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. दोन वर्षांपूर्वी मी जाताना एक छोटं रोप पिशवीतून काढून, मुळं धुऊन, ओल्या फडक्यात गुंडाळून नेलं होतं. वर कातळाजवळ हळूच लावून द्यायचं आणि हिराबाईला हाक मारायची, एवढंच. कुणाला काय कळणार होतं? खुरप्यानं खड्डाही उकरला. मग मला माझीच इतकी लाज वाटली, की खड्डा बुजवला आणि ते रोप तसंच घरी परत आणलं. ते अजून आहे नर्सरीत.

यंदा श्रावणात गेले. गुडघ्यामुळे वर चढायला पुष्कळ वेळ लागला. कातळाच्या भेगेशी, जिथे माणसाला वाकूनही नीट हात घालता येत नाही अशा जागी, चार पानांची भारंगी होती. वीतभर. मी दोनदा पान चुरगाळून वास घेतला. मग तिथेच खाली बसले आणि जोरात हाक मारली, “हिराबाई! अहो, वर या!”

ती भाताच्या खाचरातून आली, पायांना चिखल. आता तिलाही चढताना दम लागतो. मी बोटानं दाखवलं. ती बघत राहिली. मला वाटलं ती हसेल. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, खरं सांगा. तुम्ही तं नाय लावली?”

“नाही,” मी म्हटलं. “देवाशपथ नाही.” दोन वर्षांपूर्वीचं ते फडकं मला आठवलं आणि ते माझ्या तोंडावर दिसत असणार.

हिराबाई उकिडवी बसली. एक बोट भेगेत घालून तिनं रोपाच्या बुडाशी खुपसलं, थोडी माती उकरली आणि चिमटीत घेऊन चोळली. वाळू आणि शेणखताची भुसभुशीत माती निघते का ते ती बघत होती. मी तिच्या बोटांकडे बघत होते. वीस-बावीस वर्षांच्या ओळखीत तिनं माझा शब्द तपासून घ्यायची ही पहिली वेळ. निघाला तो मुरूम, कडक आणि लाल.

तिनं माती परत बुडाशी दाबली, बोट लुगड्याला पुसलं आणि उठली.

“आज खरं बोलल्या,” ती म्हणाली, आणि लावणी अर्धी राहिली होती म्हणून खाली उतरायला लागली.